आमच्या घरचं पोतं

धान उकडायला मला कुणी शिकवलं नाही. झाडीपट्टीतल्या पोरींना ते शिकवावं लागत नाही. चुलीशी उभं राहण्याइतकी उंची आली, की एक दिवस माय म्हणते, जरा गंजाकडं पाह्यजो, आणि मग जन्मभर तो गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, आपल्याच गळ्यात. रात्रभर धान भिजत घालायचं, सकाळी थोड्या पाण्यावर झाकून ठेवायचं, दाण्याचं तोंड उघडलं की उतरवायचं आणि अंगणात पसरून पायानं चाळत वाळवायचं. तो उसना, म्हणजे उकडा तांदूळ, त्यावर लाखोळीची डाळ, बाजूला जवसाची चटणी आणि नशीब असेल तर वाळलेले झिंगे, एवढं असलं की आमच्या घरी सण असे. बाबा जेवताना बोलत नसत. माय एकटीच दोघांचं बोलायची, वर चुलीशीही बोलायची. ओलं लाकूड असलं तर त्याला शिव्या द्यायची. शिव्यांनी ते पेटतही असे, हे मी शपथेवर सांगेन.

आमचं कोसमघाट वैनगंगेच्या काठचं, ब्रह्मपुरीहून बसनं यायचं तर फाट्यावर उतरून तासभर चालायचं. आमची तीन एकराची शेती नदीकडच्या उतारावर होती आणि घर शेतापेक्षा फार उंचावर नव्हतं. नदीला दरवर्षी पूर यायचा. लाकडं वाहत यायची, आम्ही पोरं काठावर ओरडायचो, दोन दिवसांनी पाणी उतरायचं. म्हणून त्या भाद्रपदात पाणी चढायला लागलं तेव्हा गावातलं कुणी जागचं हललं नाही. बाबा तर म्हणाले, “येते आन् जाते, पाहुणी हाय ते.” पाहुणी घरात शिरली, चुलीवर बसली आणि तिसऱ्या दिवशी निघाली. जाताना पोटऱ्यात आलेलं सगळं धान गाळाखाली निजवून गेली. गाव वाचलं ते विहाराच्या टेकाडामुळं. तीन दिवस अख्खं गाव त्या एका खोलीत आणि तिच्या ओट्यावर बसून होतं, आमची बौद्ध घरं आणि टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, चार गोंड घरं, मांडीला मांडी लावून.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ब्रह्मपुरीला कॉलेजात नाव घातलं होतं, त्यामुळं गावात मी शहाणी समजली जात असे आणि त्यात माझी भर सगळ्यांत जास्त होती. पाणी उतरलं त्या सकाळी धाकटा भाऊ बाळ्या तापानं फणफणला होता. बाबा त्याला खांद्यावर घेऊन ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात निघाले. मायला विहारात सगळ्यांसाठी पेज शिजवायला जायचं होतं. घरातली धान साठवायची बांबूची ढोली कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिली होती, खालचं धान फुगून आंबूस वास मारत होतं. माय उंबऱ्यातून म्हणाली, “शकुन, वरचा थर कोरडा हाय. तो येगळा काढून सावलीत वाळव, बिजाई हाय ते. खालचं ओलं तेवढं उकडून टाक. आयकलं का?”

मी आयकलं म्हणाले. ऐकलं नव्हतं. माझं डोकं चिखलानं भरलेल्या माझ्या पुस्तकांकडं होतं. सुकी लाकडं विहारातून मागून आणली, चूल पेटवली आणि गंजामागून गंज उतरवत गेले. मोठी धांदल होती, आणि धांदलीत माणसाला आपण फार कर्तबगार आहोत असं वाटतं. वरचं धानही दमट लागत होतं. जाळ चांगला धरला होता, हात चालत होते, तेही ओतलं. शेवटचा गंज झाकला तेव्हा मायचं वाक्य आठवलं. झाकण काढून पाहिलं. दाण्यांनी तोंडं उघडली होती. उकडलेला दाणा पुन्हा उगवत नाही.

संध्याकाळी माय आली. अंगणभर पसरलेलं धान पाहून तिचा चेहरा उजळला. “पोरगी शहानी झाली माही,” म्हणाली. मग म्हणाली, “बिजाई येगळी ठेवली ना वं?” मी म्हणाले, “हो.” एवढं एकच अक्षर. तिला त्या दिवशी आणखी एक वाईट बातमी द्यायला माझी जीभ वळली नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आता या वयात खोटं बोलून काय मिळवायचं आहे? मला शहाणी म्हणवून घेणं सोडवलं नाही, हे खरं. दुसऱ्या दिवशी ते धान वाळलं तेव्हा मी त्यातलं एक पोतं भरून, तोंड शिवून कोपऱ्यात उभं केलं. उकडलेलं धान जरा काळपट दिसतं, पण त्या वर्षी गावातला दाणा न् दाणा पुराच्या पाण्यानं काळपट पडला होता.

मदत आली. घोंगड्या आल्या, आणि गव्हाच्या पिठाची पोती आली. आमच्या भातखाऊ गावात पोळी लाटता येणाऱ्या बाया दोनच होत्या. बाकीच्यांनी त्या पिठाची पेज करून पाहिली, तिची खळ झाली, आणि देवकाबाईनं त्या खळीनं घराच्या भिंतीला कागद चिकटवले. देवकाबाई म्हणजे पोलीस पाटलाची बायको. ती मनानं वाईट नव्हती, पण बोलायला सगळ्यांच्या आधी तोंड उघडायची.

मग एक दिवस नलूताई आल्या. चंद्रपूरकडच्या कुठल्याशा संस्थेच्या, जाड काचांचा चष्मा, खांद्याला शबनम, चालताना चप्पल गाळात रुतून तुटलेली. त्यांनी बायांना विहाराच्या ओट्यावर बसवलं आणि विचारलं, “तुम्हाला काय हवं?” कुणी भांडी म्हणालं, कुणी टिनाचे पत्रे. माय म्हणाली, “बिजाई.” नलूताईंना वाटलं, बाई लाजते आहे. “आणि भांडी नकोत?” माय म्हणाली, “भांड्यात टाकाले काई लागते ना, ताई. बाहेरची बिजाई मिळन, पन ते आमच्या गाळाच्या बांधीत उभी राह्यन का, कोन जाने. आमचं धान आमाले मालूम हाय.”

तिथून ते ठरलं. ज्याच्याकडं जे आपलं बी उरलं असेल ते एका जागी आणायचं आणि गावात सगळ्यांत उंच अशा विहारात मोठी ढोली विणून तिच्यात ठेवायचं. पुढचा पूर आला तरी ते भिजणार नाही आणि मृगात ज्याच्या घरी काही नसेल त्यालाही मिळेल. बाबांना ते एकदम पटलं नाही. “विहारात धान?” म्हणाले. माय म्हणाली, “भगवंतानं भुकेल्या मानसाले पयले जेवाले घातलं, मंग धम्म सांगतला, हे तुमीच सांगता ना?” बाबा हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बांबू तासायला बसले.

वरच्या बांध्यांवरच्या, म्हणजे उंचावरच्या भातखाचरांच्या, पाच-सहा घरांना थोडं पीक मिळालं होतं, त्यांनी त्यातल्या निवडक लोंब्या झोडून आणल्या. कुणी टोपलंभर आणलं, कुणी ओटीत. टोल्यावरची बुधीबाई सगळ्यांत शेवटी आली. ती गोंडाची, एकटी, नवरा वाघाच्या तावडीत गेलेला. मोहफुलं, तेंदूपत्ता आणि एक लहानशी बांधी यांवर तिचं चाले. पूर चढला तेव्हा तिनं कोंबड्या सोडून दिल्या होत्या आणि चुलीवर टांगलेला बियाचा पुडा डोक्यावर घेऊन विहारात आली होती. माहूलवेलीच्या पानांत बांधलेला, वर्षानुवर्षाच्या धुरानं कोळशासारखा झालेला पुडा. आतलं धानही धुरकटलेलं, बारीक. तिनं तो पुडा आधी जमिनीवर ठेवला, डोळे मिटून तिच्या पेनाचं, म्हणजे देवाचं, नाव घेतलं आणि मग ढोलीत रिकामा केला. 

पण सगळ्यांत पहिलं पोतं आमच्या घरचं होतं. मायनं तसं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, “माह्यापासून सुरू.” ते पोतं मी डोक्यावरून नेलं. शिवण मीच उसवली, मीच ओतलं. ओतताना असं वाटत होतं की आता, आत्ता कुणीतरी म्हणेल, थांब. कुणी म्हणालं नाही. त्यावर इतरांची टोपली पडत गेली, हातानं सगळं कालवलं गेलं, आणि मी मनाशी म्हणाले, एवढ्या धानात एक पोतं कोण ओळखणार आहे.

हिवाळा गेला. गाळात टाकलेली लाखोळी बरी आली आणि तिच्यावर गावानं दिवस काढले. वैशाखात नलूताई परत आल्या आणि म्हणाल्या, पेरण्याआधी बी उगवतं का ते पाहू. ढोलीतून वर-खाली हात घालून मूठभर धान काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि वाळल्या तणसाच्या ढिगाखाली ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्या बाया ओट्यावर जमल्या. नलूताईंनी गोणपाट उलगडलं. काही दाण्यांना पांढरे, नाजूक कोंब फुटले होते. आणि त्यांच्या मधे मधे, जवळजवळ अर्धे, तसेच पडून होते.

मग देवकाबाई बोलली. “मी तवाच म्हनत होतो. ते काळं धान कायले टाकलं? त्यानं बाकीचं बी नासवलं. धुरानं भाजलेलं बी उगवते का कुठी?”

सगळ्यांच्या माना बुधीबाईकडं वळल्या. ती कोपऱ्यात उकिडवी बसली होती. “माह्या बापापासून ते बी तसंच धुरात राह्यते,” ती म्हणाली. “कीड लागत नाई त्याले. दरसाली उगवते.”

“मंग हे काऊन मेलं?” देवकाबाईनं विचारलं.

“माहा मानूस मेला, बाई,” बुधीबाई म्हणाली. “बी नाई मेलं कधी.” ती उठली आणि पदर सावरून टेकाड उतरून गेली. तिच्यामागं कुणीतरी म्हणालं, जंगलातल्या लोकांचं काही सांगता येत नाही. असं म्हणणाऱ्या आमच्याच बाया होत्या, ज्यांना आजूबाजूच्या गावांत सवर्णांच्या विहिरीवर काय काय ऐकावं लागलं होतं ते मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आले होते. आणि मी तिथं उभी होते, तोंड मिटून.

त्यानंतरचे दोन दिवस मला घास गिळवला नाही. घरात उसना तांदूळच होता, पूर उतरला त्या दिवशी उकडलेला, त्याच गंजातला. मायला वाटलं, पोरगी कावीळ घेऊन बसली, आणि ती कुठलासा कडू पाला वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गोष्टी एकदम कानावर आल्या. पाटलाच्या ओसरीवर ठरलं होतं की अर्धमेल्या बियात जीव अडकवण्यात अर्थ नाही, ढोली फोडून धान वाटून घ्यावं, कुटून खावं आणि सरकारी बियाण्याची वाट पाहावी. आणि बुधीबाई गाठोडं बांधत होती, कायमची, तिच्या भावाकडं, गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या गावाला.

विहारात पोचले तेव्हा लोक टोपली घेऊन आलेच होते. एकानं ढोलीचं लिंपण फोडायला विळा घेतला होता. बाबा दाराशी उभे होते, माय ढोलीला पाठ लावून. मी काय बोलले ते शब्द आठवत नाहीत. एवढं आठवतं की मी फार मोठ्यानं बोलले, कारण हळू बोलले असते तर बोलणंच झालं नसतं. आमच्या घरचं पोतं उकडलेलं होतं. मी उकडलं. मायला माहीत नव्हतं. बुधीबाईचं बी मेलेलं नाही.

“मायची ढोली वाचवाले बोलून राह्यली का काय?” देवकाबाई म्हणाली. तिलासुद्धा ते खरं मानवेना, आणि त्यासाठी मी पुढं तिला बरंच काही माफ केलं.

मायनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं ढोलीच्या तोंडाचं लिंपण स्वतःच फोडून आत हात घातला, मूठभर धान काढलं, तळव्यावर चोळून फोलपटं फुंकली आणि एकेक तांदूळ दाताखाली धरून चावायला लागली. कच्चा तांदूळ दाताखाली पिठासारखा फुटतो, उसना काचेसारखा टणक लागतो. हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. तिनं चावलेले दाणे हातावर वेगळे ठेवले. मग एक काळा, धुरकट दाणा उचलला, सोलला, चावला, आणि सगळ्यांना दिसेल असा जिभेवर धरला. पांढराशुभ्र. “हे बुधीचं,” ती म्हणाली. “जित्तं हाय.” आणि दुसरे दाणे पुढं करून म्हणाली, “हे माह्या घरचं.”

मार बसेल असं मला वाटलं होतं, आणि बसला असता तर बरं झालं असतं. माय ढोलीकडं वळली. मग जे बोलली ते तिला आधी सुचलं होतं की बोलता बोलता सुचलं, मला कधीच कळलं नाही. जिवंत कुठलं न् मेलेलं कुठलं हे आता निवडता येत नाही, म्हणाली. वाटून घेतलं तर कुणाच्या टोपल्यात सगळं जिवंत जाईल, कुणाच्या सगळं मेलेलं. म्हणून वाटायचंच नाही. वरच्या, पाणी न चढणाऱ्या एका बांधीत सगळ्या गावाचे एकच पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी बी एकत्र पेरायचं. जे उगवेल ते रोप सगळ्यांचं, रोवणीला रोपांच्या पेंढ्या घरोघर वाटायच्या. “आन् आमच्या बांधीचा नंबर शेवटी. उरलं तं उरलं.”

पुढं चाळीस वर्षं मी नलूताईंबरोबर आणि त्यांच्या माघारी गावोगाव हिंडले. पुरानं, दुष्काळानं, किडीनं नागवलेल्या गावांत बायांची बियाण्याची घरं उभी केली, चिमूरपासून पार सिरोंचापर्यंत, जिथं निम्म्या बाया तेलुगूत बोलायच्या आणि मी मान डोलावत बसायची. सगळीकडं मी हेच सांगितलं, उंचावर बी ठेवा, पऱ्हे एकत्र टाका, पेरण्याआधी कोंब काढून पाहा. मला शालीही मिळाल्या, पेटीभर. नात म्हणते, आजी, दुकान टाक. पण एकत्र पऱ्ह्यांची कल्पना कशी सुचली, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, गावानं विचार करून ठरवलं. पोतं कुणाचं होतं ते कधी सांगितलं नाही. ते इथं लिहून टाकते आहे.

त्या दिवशी लोक गेल्यावर माय मला म्हणाली, “तिच्या दारात जाय. माफी मागून काई होत नाई. ते जे बोलन ते उभ्यानं आयकून घे.” मी गेले. बुधीबाईचं गाठोडं दारात बांधलेलं होतं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना, मोहाच्या पानांची पत्रावळ टाचत होती. ती शिव्या देईल म्हणून मी मन घट्ट करून गेले होते. तिनं एकच केलं, पत्रावळ खाली ठेवली, उठून आत गेली आणि ताटी लावून घेतली. मी ऊन चढेपर्यंत त्या ताटीसमोर उभी होते. गाठोडं मात्र दुसऱ्या दिवशी दारात दिसलं नाही. ती गेली नव्हती. पण विहिरीवर मी दिसले की ती घागर रिकामी घेऊन परत फिरायची.

मृगात पऱ्हे टाकले. पाखरं हाकलायला, बकऱ्या हाकलायला मी दिवसभर त्या बांधीवर. पहिली हिरवळ दिसली त्या सकाळी मी धावत घरी आले आणि मायला ओढत घेऊन गेले. विरळ होतं, जागोजागी टक्कल पडल्यासारखं, पण होतं. माय बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पुरात रडली नव्हती, माझं कळलं तेव्हा रडली नव्हती, त्या बोटभर हिरव्या काड्या पाहून रडली.

आषाढात रोवणी लागली. पेंढ्या उपटून घरोघर जाऊ लागल्या, बांध्या एकामागून एक हिरव्या झाल्या, बाया गाणी म्हणत मागं सरकू लागल्या. आमचा नंबर आला तेव्हा वरच्या दोन बांध्यांपुरतंच रोप उरलं होतं. नदीकडची खालची, सगळ्यांत मोठी बांधी चिखल करून तयार होती आणि तशीच राहिली. बाबा म्हणाले, बरं, लाखोळी पेरू तिच्यात. माय काही म्हणाली नाही, म्हणजे तिला किती लागलं ते आम्हाला कळलं. त्या बांधीचाच तांदूळ आम्ही वर्षभर खात असू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या रिकाम्या बांधीच्या कडेला माती नीट करत होते. पाण्याचा आवाज आला म्हणून मान वर केली. बुधीबाई बांधावरून येत होती. डोक्यावर टोपलं, टोपल्यात पेंढ्या, त्यांचं पाणी तिच्या गालांवरून गळत होतं. तिच्या वाट्याच्या पेंढ्या. तिनं तिची बांधी एकेक काडी लावून भागवली होती आणि उरलेलं रोप इकडं आणलं होतं.

तिनं टोपलं बांधावर टेकवलं, लुगडं वर खोचलं.

“तुह्यासाठी नाई आनलं,” ती म्हणाली. “रिकामी बांधी पाहून मले बरं नाई वाटत.”

ती चिखलात उतरली. मीही उतरले, पेंढी सोडली आणि तिच्या शेजारी वाकून लावायला लागले, आम्ही नेहमी लावतो तशा तीन-चार काड्या एकत्र. तिनं हात लांब करून मी लावलेला काड्यांचा चूड उपटला आणि माझ्या हातात परत दिला.

“इतक्या काऊन खुपसतं? एक लाव.”

“एक जगते, मावशी?”

“जगते.”

मी एकेक काडी लावत मागं सरकत गेले. समोरचं काही दिसेना, हात अंदाजानं चिखलात जात होता. ती शेजारी लावतच होती, माझ्याकडं न पाहता. बांधी अर्धी झाली तेव्हा म्हणाली, “रडू नको वं. बांधीत पानी पुरे हाये.”